जर्मन खापरपणजोबांचे पद रिक्त झाल्याबाबत

सर्व संबंधितांना, म्हणजे सांगली, मिरज, पुणे आणि सिंगापूर येथे पसरलेल्या आमच्या तमाम कुटुंबीयांना, याद्वारे कळविण्यात येते की आमचे खापरपणजोबा, जे आजवर जर्मन होते, ते यापुढे जर्मन राहिलेले नाहीत. हा बदल तत्काळ अमलात आला आहे. त्यांच्या जोरावर ज्यांनी लग्ने जमवली, लग्ने मोडली, नाके वर केली किंवा घाऱ्या डोळ्यांचे श्रेय घेतले, त्यांनी ते आपापल्या सोयीने परत करावे. हरकती स्वीकारल्या जाणार नाहीत.

हे निवेदन मी मनातल्या मनात तयार केलं ते सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, समोर उसाच्या रसाचा ग्लास आणि शेजारी एक रडवेली जर्मन म्हातारी असताना. मला वाईट प्रसंगी विनोद सुचतात. स्वभावच तसा आहे, त्याला माझा इलाज नाही. पण त्या दिवशी ते निवेदन ज्या एका माणसाला खरोखर वाचून दाखवायचं होतं, ते माणूस माझ्या घरी ठेवणीतलं पातळ नेसून वाट बघत बसलं होतं, आणि ते आठवल्यावर विनोद तिथेच थांबला.

आमचं आडनाव जर्मन आहे. ते इथे लिहीत नाही, पण उच्चारायला अवघड आणि ऐकायला भारदस्त असं ते आहे. सिंगापुरात पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी रिसेप्शनवरची बाई माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली होती, की खरा साहेब अजून लिफ्टमध्येच आहे की काय. आम्ही मराठी ख्रिस्ती. माझे पणजोबा सीमाभागातल्या एका जर्मन मिशनच्या आवारात वाढले आणि पुढे सांगलीकडे आले, एवढं नक्की. त्यांचे वडील त्याच मिशनमधले जर्मन गृहस्थ होते, हे त्याहून नक्की. कोणी म्हणायचं ते घड्याळजी होते, कोणी म्हणायचं ऑर्गन वाजवायचे. आम्ही वेळेवर पोचतो ते जर्मन म्हणून, चिडतो ते जर्मन म्हणून, आणि आम्हाला बटाटा आवडतो तोही जर्मन म्हणून. बटाटा अख्ख्या महाराष्ट्राला आवडतो, हे आमच्या घरात कोणी बोलायचं नाही.

या गादीची राखण माझ्या आत्याकडे होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. उभी हयात मिरजेला हॉस्पिटलात नर्स, शेवटी मेट्रन. तिने लग्न केलं नाही. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवलं तिनेच. मी सिंगापूरच्या नागरिकत्वाचा अर्ज भरत होते तेव्हा त्यात वंशाचा रकाना आला. आत्याचा मिरजेहून फोन.

"युरेशियन लिही."

"आत्या, माझा रंग बघितलास का तू?"

"रंगाला कोण विचारतंय? रकाना विचारतोय. लिही."

मी 'इंडियन' लिहिलं. आत्या दोन महिने माझ्याशी फक्त हवामानावर बोलली.

इथे आमच्या लोकांमधली एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही. जात सोडून आलो असं म्हणतो, पण येताना शिडी बरोबर घेऊन आलो. विचार करून, वाचून, वाद घालून ख्रिस्ती झालेली घरं वरच्या पायरीवर. आणि दुष्काळात ज्यांना आईबापांनी मिशनच्या फाटकात आणून सोडलं, त्यांची घरं खालच्या. "ते दुष्काळातले," असं म्हणायचे, ओठ मिटून, शिवी दिल्यासारखं. आमचं घर या शिडीवर नव्हतंच. ते शिडीच्या वर, गच्चीत होतं.

आत्याच्या हॉस्पिटलात औषधं बांधून देणारा एक तरुण कंपाउंडर होता. त्याने मध्यस्थ न पाठवता स्वतः येऊन तिला मागणी घातली. तिला तो आवडत होता. हे तिने मला एकदाच सांगितलं, माझे केस विंचरताना, मी दहावीत असताना. "त्याच्या हाताला शिस्त होती गं. पुडी बांधायचा तर कागदाला सुरकुती नसायची." पण तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं, तुमचं घर दुष्काळातलं आहे. त्यावर तो म्हणाला, "हो, आहे." आणि गेला. पुढे त्याने दुसरीशी लग्न केलं, मुलंबाळं झाली, म्हातारा होऊन वारला. त्याच्या मयताला आत्या शेवटच्या रांगेत उभी होती. मी होते तिच्याबरोबर. ती रडली नाही. घरी येऊन तिने हॉस्पिटलातल्यासारखी सगळी कपाटं पुसून काढली.

या वर्षी आत्याची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं, तिने नकार दिला. चाळीस वर्षं मी लोकांना त्या मशिनला लावलंय, मला माहीत आहे, म्हणाली. मग व्हिजिट पास काढून ती माझ्याकडे आली, विमानतळावर व्हीलचेअरमधून, मांडीवर घरचं बायबल घेऊन.

"मरायला आले नाही हं मी," तिने टॅक्सीतच जाहीर केलं. "मरायला मिरज बरी. तिथे माझी माणसं तयार आहेत. मी कागदासाठी आलेय."

"कसला कागद?"

"आपल्या जर्मनाचा. सगळं ऐकीव आहे. तू इंटरनेटवाली, तुझ्या हापिसात जर्मन आहेत. काढ शोधून. मला डोळ्यांनी बघायचंय."

बायबलच्या पहिल्या पानावर आमच्याकडे जन्म, लग्नं, मरणं लिहितात. पिढ्यांच्या वेगवेगळ्या शाया आहेत त्यावर. सगळ्यात वर पणजोबांचं लग्न. आणि त्याच्याही वर दोन ओळी कोऱ्या. त्या खापरपणजोबांसाठी राखून ठेवलेल्या. चार पिढ्यांत कोणाचीही त्या भरायची हिंमत झाली नव्हती, कारण कोणालाच त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. आत्याला जायच्या आधी त्या भरायच्या होत्या.

आता मी काय केलं बघा. गप्प बसले असते तर चाललं असतं. नाही सापडलं गं आत्या, म्हटलं असतं, तिने दोन दिवस नाक फुगवलं असतं आणि जर्मन शाबूत राहिला असता. पण मला नाटकाची हौस. मी त्या सीमाभागातल्या चर्चच्या पाळकांचा नंबर मिळवला. ते कानडी, मी मराठी, दोघांचं हिंदी सारखंच वाईट, त्यामुळे मैत्री चटकन झाली. चर्चच्या लोखंडी कपाटात जुन्या जर्मन वह्या आहेत म्हणाले. आठवड्याने त्यांनी एका पानाचे फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत कोपऱ्याला त्यांचा अंगठा आला होता. पणजोबांचं बाप्तिस्म्याचं नाव त्यांनी पेन्सिलीने दाखवलं होतं, बाकीचं त्यांनाही लागत नव्हतं.

मी तुआसच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिथल्या जर्मन इंजिनिअरला फोटो दाखवले. त्याने फोन आडवा धरला, उभा धरला, मोठा करून पाहिला.

"ही जर्मन नाही," तो म्हणाला.

"अरे, मग काय आहे?"

"भूकंपाचा आलेख."

पण त्याची आई दोन आठवड्यांसाठी त्याच्याकडे आली होती. ती आपल्या गावच्या चर्चची जुनी दप्तरं वाचून द्यायचं काम करायची, निवृत्तीनंतरचा छंद म्हणून. ते जुनं अक्षर तिला येत होतं. शनिवारी दुपारी ती आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये आली, गळ्यात चष्मा, हातात भिंग. ऐंशीच्या पुढची, डोळे तपकिरी. ही गोष्ट मला लगेच खटकली. निघताना मी आत्याला म्हटलं होतं, चल तूही. पाय सुजले होते तिचे. "तू जा," म्हणाली, "मी तयार होऊन बसते. असली बातमी गाऊनमध्ये ऐकायची नसते."

जर्मन आजींनी टॅब्लेटवर पान मोठं केलं आणि कागदावर इंग्रजीत उतरवत गेल्या. मी रस पीत तोंडभर हसत बसले होते. अर्ध्या ओळीवर त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पुढचं उतरवलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

वहीत बाप्तिस्मे नव्हते. फाटकावर आलेल्या मुलांची ती नोंदवही होती.

एक मुलगा, अंदाजे सहा वर्षांचा. एक मुलगी, त्याची धाकटी बहीण, अंदाजे तीन. दोघांना बापाने आणलं. बापाचा धंदा, दोर वळणे. आमच्याकडे एवढं वाचल्यावर जात सांगायला वेगळा रकाना लागत नाही. आई वाटेत वारली. पाऊस झाला की मुलांना न्यायला येईन असं बाप सांगून गेला. त्यापुढे नंतरच्या वेगळ्या शाईत दोनच शब्द, आला नाही. मुलगी पहिल्या दिवशी खूप जेवली, हसली, सगळ्यांना कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे वारली. नावाच्या जागी रेघ, कारण तिला अजून नाव दिलेलं नव्हतं. मुलाचा पुढे बाप्तिस्मा झाला. जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याने एका अनाथ मुलाच्या पालनाचा भार घेतला होता. त्याची अट होती की मुलाला त्याचं आडनाव द्यावं. दिलं.

तो व्यापारी हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. मिशनमध्ये तेव्हा हे सर्रास व्हायचं, आजींनी सांगितलं. मूल एखाद्या परोपकारी माणसाच्या नावे लावायचं आणि त्याला वर्षातून एकदा पत्र पाठवायचं, की आपला अमुक आता वाचायला शिकला.

"म्हणजे आमचा जर्मन..." मी म्हटलं.

आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "या पानावर जर्मन कोणी नाही," त्या म्हणाल्या. "फक्त अक्षर जर्मन आहे."

मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्या निवेदनाने मी सुरुवात केली ते मला सुचलं.

घराच्या दारात माझी पंधरा वर्षांची लेक उभी. "आई, आत्याआजीने मला तीन वेळा पावडर लावायला लावलीय. काय झालं? आर वी जर्मन ऑर नॉट लाह?" तिचं इंग्रजी सिंगापुरी, वाक्याच्या शेपटीला लाह लावणारं.

आत आत्या खुर्चीत ताठ बसली होती. मोरपंखी पातळ, सोन्याच्या दोन बांगड्या, सुजलेल्या पायांत मोजे. तिचा चेहरा बघितला आणि मला तो कंपाउंडर दिसला, "हो, आहे" म्हणणारा. या बाईने एका अफवेपायी अख्खं आयुष्य एकटीने काढलं, आणि ती अफवा होती हे मी तिला आत्ता, तिच्याकडे थोडेच महिने उरलेले असताना, सांगायचं? कशासाठी? माझ्या खरेपणाच्या समाधानासाठी?

मी पर्स खाली ठेवली, दोन्ही हात पसरले आणि उभ्या जन्मातलं सर्वांत सरस नाटक केलं.

घड्याळजी होते आत्या! खरंच होते! उंच, लाल दाढी. चर्चचं घड्याळ त्यांनी बसवलं. विहिरीवर पाणी भरणारी एक विधवा बघितली आणि मिशनच्या लोकांचा विरोध पत्करून तिच्याशी लग्न लावलं. हे सगळं मी जागच्या जागी रचत होते आणि आत्याच्या गालांवर रंग चढत होता.

"गाव? गाव कुठलं त्यांचं?"

 मग आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या पंपाच्या पट्टीवर कोरलेलं गावाचं नाव आठवलं, ते दिलं ठोकून.

आत्याने ते नाव तीन वेळा म्हणून बघितलं. "किती छान आहे गं," ती म्हणाली. "मला वाटायचंच, डोंगरातलं असणार."

पुढचे चार दिवस आमच्या घरात सण होता. आत्या फोनवर सगळ्या गोतावळ्याला लाल दाढी ऐकवत होती. दर फोनला दाढी बोटभर वाढत होती. मीठ नसलेली भाजीसुद्धा तिने तक्रार न करता खाल्ली. मी कारखान्यात त्या पंपाच्या बाजूने जाताना मान खाली घालून जाऊ लागले. लेकीला मी खरं सांगितलं होतं, कारण तिने कागद पर्समधून आधीच काढून वाचला होता. "धिस इज सो राँग, आई," ती कुजबुजायची. मी म्हणायचे, मोठ्यांच्यात बोलू नको.

रविवारी उपासनेवरून आल्यावर आत्याने बायबल टेबलावर उघडलं आणि शाईचं पेन माझ्या हातात दिलं.

"लिही. माझा हात थरथरतो. नाव, गाव, धंदा. लिहून झालं की प्रार्थना करू."

मी फार भाविक नाही. चर्चला जाते ते गाणं म्हणायला आणि नंतरच्या चहाला. चार दिवस धडधडीत खोटं बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती. पण त्या पानावर, माझ्या आईच्या मरणाची ओळ जिथे आत्याच्याच अक्षरात आहे त्या पानावर, हात उतरेना. पेनाचं टोक त्या कोऱ्या ओळीवर बोटभर अंतरावर थांबलं. शाईचा थेंब जमायला लागला.

"डाग पडेल," आत्या म्हणाली. "काय झालं?"

"आत्या, गाव पंपावरचं आहे."

"काय?"

"आमच्या कारखान्यातल्या पंपावर लिहिलंय ते. दाढी माझी. घड्याळ माझं. सगळं माझं. जर्मन नाहीये, आत्या. कधीच नव्हता."

मला वाटलं ती मला मारेल. लहानपणी तिचा हात चांगला जड होता. तिने पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं, टोपण लावलं, आणि अगदी हळू आवाजात, वॉर्डात रात्रपाळीला बोलतात तसं म्हणाली, "कागद आहे ना? दे इकडे."

"आत्या, नको."

"मी मेट्रन होते. लोकांचे रिपोर्ट मी त्यांच्या आधी वाचलेत. दे."

लेकीनेच नेऊन दिला. आत्याने चष्मा लावला. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, परदेशी डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेलं. ती बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. बोट 'दोर वळणे' पाशी थांबलं, बराच वेळ. मी त्या बोटाकडे बघत होते. तिच्या तोंडून काहीतरी येईल याची वाट बघत होते, त्या कंपाउंडरचं नाव, किंवा त्याला दिलेलं उत्तर, किंवा नुसता हुंदका.  तिचे ओठ मिटले, आणि मग हळूहळू सैल झाले.  लेकीने येऊन माझा हात धरला, जे तिने दोन वर्षांत केलं नव्हतं.

बोट पुढे सरकलं. बापाच्या ओळीवरून, आला नाही या शब्दांवरून, मुलीच्या ओळीवर आलं. आत्याने ती ओळ वाचली. परत वाचली. कागद डोळ्यांजवळ नेला. आणि ती खुर्चीतून एकदम अर्धवट उठली, सुजलेल्या पायांवर, दोन्ही हात टेबलावर टेकून, चेहरा लालबुंद, जणू कोणी शिकाऊ नर्स समोर उभी आहे आणि अजूनही काही करता येण्यासारखं आहे, अशी ओरडली:

"अगं, पहिल्याच दिवशी पोटभर घातलं तिला! इतक्या दिवसांच्या उपाशी पोरीला पेज द्यायची असते, चमच्याचमच्याने, मूर्खांनो, चमच्याचमच्याने!"